जुन्या फियाटचा ब्रेक लाइट मंद का दिसतो

ब्रेक लाइट ही मोटारीबरोबर जन्मलेली वस्तू नव्हे. आधी होता तो हात: उजव्या खिडकीबाहेर काढायचा, तळवा खाली करून वर-खाली हलवायचा, की मागच्याला कळायचं, गाडी हळू होतेय. ब्रिटनमध्ये आजही १९३६ पूर्वीच्या गाडीला ब्रेक लाइट नसला तरी कायद्याने चालतो, आणि १९७१ पूर्वीच्या गाडीला एक पुरतो. त्या काळातल्या दिव्यांकडून आजच्या फ्रीवेवरच्या अपेक्षा ठेवल्या, तर निराशा ठरलेलीच.

मुंबईत हा प्रश्न मुख्यतः फियाटचा. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट आणली. १९७४ मध्ये तिची पद्मिनी झाली. शेवटच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, त्यामुळे आता उरल्या त्या हौसेने सांभाळलेल्या खासगी गाड्या. मागच्या मडगार्डाच्या टोकाला अरुंद, उभा दिवा, आणि त्या पिढीत सर्रास वापरला जाणारा दुहेरी फिलामेंटचा बल्ब: ब्रेकसाठी २१ वॅट, टेललाइटसाठी ५ वॅट. नव्या बल्बचा ब्रेकचा प्रकाश सुमारे ४४० ल्युमेन, टेलचा ३५. म्हणजे बल्ब मुळात कमजोर नाही. आजच्या कितीतरी गाड्यांत तोच बल्ब आहे. घोळ बल्बपर्यंत पोचणाऱ्या विजेत आहे.

हे ४४० ल्युमेन १३.५ व्होल्टला मोजलेले असतात. फिलामेंटच्या बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. व्होल्टेज दहा टक्के घसरलं की प्रकाश तीस टक्के जातो. त्यात बऱ्याच जुन्या गाड्यांत वीज बनवायला अल्टरनेटर नाही, जुन्या धाटणीचा डायनमो आहे. इंजिन आयडलिंगला असताना डायनमो चार्जिंग देत नाही. सायनच्या सिग्नलला ब्रेक दाबून उभं राहिलं की सगळा भार बॅटरीवर. बॅटरीवर १२.४ आणि होल्डरवर १०.९ व्होल्ट, असं माप खाऱ्या हवेत वाढलेल्या गाडीत अगदी नेहमीचं. बॅटरीवरच्या व्होल्टेजला जो प्रकाश मिळाला असता, त्यातला तिसरा हिस्सा वाटेतच गेला.

म्हणून पहिलं काम मल्टिमीटरचं, आणि तेही बल्ब पेटलेला असताना. बल्ब काढून मोजलं तर १२.४ च दिसतात आणि मिस्त्री म्हणतो, ‘करंट तर बरोबर आहे.’ एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं होल्डरच्या पत्र्याला. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थ (पत्र्यातून बॅटरीकडे जाणारी करंटची परतीची वाट) खराब. मग बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक ते होल्डरमधला ब्रेकचा ठिपका. इथे अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर स्विच, फ्यूज किंवा जोड तपासायचे. अर्थ बिघडल्याची खूण ओळखायला सोपी आहे: टेललाइट चालू असताना ब्रेक दाबला की दिवा उजळण्याऐवजी मंदावतो, कारण करंट दुसऱ्या फिलामेंटमधून उलटी वाट शोधतो. उपाय जुनाच. मडगार्डाच्या आतला रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडायचा, दातेरी वॉशर घालायचा, होल्डरपासून चेसिसपर्यंत १.५ चौरस मिमीची स्वतंत्र काळी वायर टाकायची आणि वर पेट्रोलियम जेली. बहुतेक गाड्यांना एवढंच पुरतं.

पॉझिटिव्हकडची घसरण जात नसेल तर डिकीत रिले, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. चार पायांचा, ३० अँपिअरचा; बॅटरीपासून ३० नंबरच्या पायाला २.५ चौरस मिमीची वायर, बॅटरीजवळच १० अँपिअरचा फ्यूज, ८७ वरून दोन्ही बल्ब, जुनी ब्रेकची वायर ८६ ला, ८५ अर्थला. दोन बल्ब मिळून साडेतीन अँपिअर ओढतात. तेवढा भार जुन्या ब्रेक स्विचच्या झिजलेल्या संपर्कांवरून उतरतो.

त्यानंतर दिव्याची आतली बाजू. परावर्तकाची चांदी उडून राखाडी झाली असेल तर ॲल्युमिनियमची चिकटपट्टी किंवा चकाकता चंदेरी रंग. काच म्हणतात ती प्रत्यक्षात ॲक्रिलिकची. थिनर किंवा पेट्रोल लावलं की तिला बारीक तडे जातात. भांड्याचा साबण आणि मऊ ब्रश पुरे. जास्त वॅटचा बल्ब घालण्याचा मोह आवरा: रहदारीत मिनिटामिनिटांनी ब्रेकवर पाय असतो, त्या उष्णतेने काच वितळते.

एलईडी बल्ब हा पुढचा टप्पा. फिलामेंट तापायला साधारण ०.२ सेकंद घेतं; ताशी ६० किमीला मागची गाडी तेवढ्यात सुमारे ३.३ मीटर पुढे येते. एलईडी तत्काळ पेटतो. पण लाल काचेमागे लालच एलईडी हवा. पांढऱ्यात लाल प्रकाश कमी असल्याने बाकीचा बराचसा काच गिळते आणि दिवा गुलाबी, फिका दिसतो. समोरच चिप असलेल्या बल्बने मध्यभागी ठिपका पेटतो, परावर्तक अंधारातच राहतो. बाजूलाही चिप असलेला घ्या. टेल आणि ब्रेकमध्ये किमान पाचपट फरक हवा, हा नियम युरोपातही आहे. स्वस्त एलईडीत टेलच इतका प्रखर असतो, की ब्रेक दाबलेला कळतच नाही. जुन्या ब्रिटिश वळणाच्या गाडीत पॉझिटिव्ह अर्थ असेल तर ध्रुव उलटे, तेही आधी बघावं.

मागे मध्यभागी तिसरा ब्रेक लाइट लावण्याची कल्पनाही टॅक्सीवरच तपासली गेली, फक्त सॅन फ्रान्सिस्कोच्या. जॉन व्होएवोड्स्की या मानसशास्त्रज्ञाने तिथल्या टॅक्सींना असा एक जादा दिवा लावला, १९७४ मध्ये निष्कर्ष छापले: मागून बसणाऱ्या धडका साठ टक्क्यांनी घटल्या. अमेरिकेत १९८६ च्या मॉडेलपासून मोटारींना तिसरा दिवा सक्तीचा झाला. पुढे सवय झाल्यावर फायदा चारेक टक्क्यांवर स्थिरावला, तरी टिकला. पद्मिनीत मागच्या काचेच्या आत, सामानाच्या फळीवर लाल एलईडीची छोटी पट्टी ठेवली, रिलेच्या ८७ वरून वायर घेतली, की पत्र्याला भोक पाडावं लागत नाही. हे महत्त्वाचं, कारण २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज नोंदणी हवी असेल तर ती मूळ स्वरूपात, मोठे बदल न केलेली लागते. पट्टी काढली की गाडी पुन्हा जशीच्या तशी.