सांगलीचा हळद बाजार : साठवण, सौदे आणि स्पर्धा यांची पार्श्वभूमी

हळदीचा हंगाम सुरू झाला की सांगलीच्या वसंतदादा मार्केट यार्डातील सौद्यांकडे मिरज, वाळवा, पलूस या तालुक्यांतील शेतकऱ्यांचे लक्ष लागते, तसेच साताऱ्याकडील कऱ्हाड-वाईच्या आणि कर्नाटकातील अथणी, गोकाक, मुधोळ भागांतील शेतकऱ्यांचेही लागते. आंध्र आणि तेलंगणातील मालही या पेठेत येत आला आहे. म्हणजेच सांगली ही हळदीची मोठी बाजारपेठ झाली ती केवळ आसपास हळद पिकते म्हणून नव्हे. दूरवरची हळद येथे येऊन थांबू शकत होती आणि थांबलेल्या मालावर पैसा लावणारे लोक येथे होते, हे त्याचे अधिक मोठे कारण आहे. आज भावावरून जे वाद होतात, त्यांची मुळे या साठवणुकीच्या आणि पतपुरवठ्याच्या इतिहासात आहेत.

हळद हे थांबणाऱ्याचे पीक आहे. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लागण केलेली हळद आठ-नऊ महिन्यांनी काढणीला येते. त्यानंतर कंद शिजवणे, उन्हात वाळवणे आणि पॉलिश करणे ही कामे शेतकऱ्याच्याच अंगावर असतात. पूर्वी ही हळद काहिलीत शिजवली जाई, आता बहुतेक ठिकाणी वाफेवरचे कुकर आले आहेत. नीट वाळलेले हळकुंड मात्र टोमॅटोसारखे दोन दिवसांत सडत नाही. ते वर्षभर, प्रसंगी त्याहूनही अधिक काळ टिकते. त्यामुळे हंगामातील भाव आणि हंगामानंतरचा भाव यांत जे अंतर पडते, ते साठा करू शकणाऱ्याच्या पदरात पडते. ज्याच्या डोक्यावर सोसायटीचे कर्ज आहे, मजुरांची देणी आहेत आणि पुढच्या लागणीसाठी बेणे व खत घ्यायचे आहे, तो फेब्रुवारी ते मे या काळातच माल विकतो, आणि नेमका तेव्हाच बाजारात आवकेचा लोंढा असतो.

सांगलीजवळ कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावरील हरिपूरने या थांबण्याची सोय फार पूर्वीपासून केली होती. तेथील जमिनीत खोदलेली पेवे ही हळदीची नैसर्गिक कोठारे होती. तोंड अरुंद, आत पोटाकडे रुंद होत जाणारा खोल खड्डा, कडेने पाला व चटयांचे अस्तर, आत हळद भरून वरून मातीने तोंड बंद, अशी ही रचना. या मातीत पाणी झिरपत नसे आणि आत हवा खेळत नसल्याने हळदीला कीड लागत नसे, रंगही टिकून राहत असे. त्याच कारणाने पेव उघडणे हे जोखमीचे काम होते: तोंड मोकळे करून काही काळ वाट पाहिल्याशिवाय आणि आत कंदील सोडून तो जळत राहतो की विझतो हे पाहिल्याशिवाय माणूस उतरवत नसत. या कामात मुरलेल्या हमालांचे कसब हा या बाजाराच्या भांडवलाचाच भाग होता, परंतु भावाच्या हिशेबात त्याची नोंद क्वचितच होते. आर्थिकदृष्ट्या पेवाचे महत्त्व असे की त्यामुळे साठवणुकीचा खर्च अत्यंत कमी झाला आणि माल जागेवरून न हलवता त्याची मालकी बदलणे शक्य झाले. नमुना पाहून व्यवहार व्हावा, पैसे चुकते व्हावेत आणि हळद मात्र तशीच जमिनीखाली राहावी, ही पद्धत येथे रुळली.

या पद्धतीतूनच वायद्याचे, म्हणजे पुढे द्यायच्या मालाचा भाव आधीच ठरवण्याचे, व्यवहार वाढले. पटवर्धनांच्या सांगली संस्थानाने गणपती पेठेतील व्यापाऱ्यांना आश्रय दिला होता. 1907 साली मिरजेहून सांगलीपर्यंत रेल्वे आल्यावर हा माल दूरच्या पेठांशी जोडला गेला. पुढे वायदे करार (नियमन) कायदा 1952 मध्ये आला आणि सांगलीतील स्पायसेस अँड ऑइलसीड्स एक्स्चेंज ही संस्था हळदीच्या वायद्यांसाठी मान्यताप्राप्त ठरली. पुढच्या महिन्यांत हळद काय भावाने जाईल याचा अंदाज देशभरातील व्यापारी सांगलीकडे पाहून बांधत असत. यात सट्टा होताच, तो नाकारण्याचे कारण नाही. तरीही साठा करणाऱ्याला भाव पडण्याच्या धोक्यापासून काही प्रमाणात संरक्षण मिळत होते, आणि म्हणून तो हंगामात अधिक खरेदी करण्यास धजावत होता, हेही तितकेच खरे आहे.

व्यापारी बाजू अशी संघटित होत असताना विकणारा शेतकरी मात्र एकटाच होता. लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील कृषी आयोगाने 1928 च्या अहवालात नियमित बाजारांची शिफारस केली, ती याच असमतोलामुळे. कापसासाठी वऱ्हाडात 1897 मध्येच तसा कायदा झाला होता. मुंबई प्रांतात 1939 चा कायदा आला. सांगली संस्थान मात्र 1948 पर्यंत प्रांताबाहेरच होते. विलीनीकरणानंतर हा भाग दक्षिण सातारा जिल्ह्यात गेला, त्याचेच नाव 1960 मध्ये सांगली झाले, आणि 1963 च्या महाराष्ट्र कृषी उत्पन्न पणन कायद्यानंतर आजच्या बाजार समितीची चौकट पक्की झाली.

या कायद्यांनी नेमके काय बदलले हे समजण्यासाठी जुनी हत्ता पद्धत डोळ्यांपुढे आणावी लागते. महाराष्ट्रातील अनेक पेठांत शेतकऱ्याचा माल कमिशनवर विकून देणारा अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत. शेतकरी शेजारी उभा असे, पण कोणी किती बोली लावली आणि कोणाची बोली नाकारली गेली हे त्याला कळत नसे. उघड लिलावाने ही बोली चारचौघांसमोर आणली. वजनातून कापला जाणारा अनधिकृत कडता व सूट यांवर नियंत्रण, परवानाधारक तोलाईदार, हिशोबाची पट्टी या गोष्टीही त्याबरोबर आल्या. माझ्या मते भावातील फरक शेतकऱ्याला उघडपणे दिसू लागला, हा या सुधारणेचा सर्वांत मोठा लाभ होय. स्पर्धा मात्र केवळ लिलाव उघड केल्याने निर्माण होत नाही. ढिगासमोर बोली लावणारे मोजकेच असतील आणि ते रोज एकमेकांशी व्यवहार करणारे असतील, तर मोठ्याने पुकारलेला भावही ठरवून दिल्यासारखाच असतो. शिवाय ज्या अडत्याकडून लागणीच्या वेळी उचल घेतली, त्याच्याच दुकानात माल लावण्याचे बंधन शेतकऱ्यावर राहते. ही उचल गरजेच्या वेळी, कागदपत्रांशिवाय मिळते आणि बँक ती देत नाही; म्हणून अडत्याला केवळ शोषक म्हणून मोडीत काढणारी टीका मला अपुरी वाटते. परंतु त्या कर्जाची किंमत व्याजाबरोबरच विक्रीचे स्वातंत्र्य गमावूनही मोजली जाते, हे टीकाकारांचे म्हणणे योग्यच आहे.

हरिपूरच्या पेवांचा काळ 2005 च्या महापुराने जवळजवळ संपवला. कृष्णेचे पाणी पेवांत शिरले आणि जमिनीखालील हळद भिजून कुजली. त्यानंतर साठवण गोदामांकडे वळली, आणि साठवणुकीचा खर्च, विमा व भाडे हे सारे हिशेबात आले. गोदामामुळे एक चांगली शक्यताही निर्माण झाली. राज्य कृषी पणन मंडळाच्या शेतमाल तारण कर्ज योजनेत गोदामात ठेवलेल्या हळदीवर तिच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम वार्षिक 6 टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी उचलता येते. ही योजना 1990-91 पासूनची आहे. शेतकऱ्याला थांबण्याची ताकद देणारे याहून थेट साधन दुसरे नाही, म्हणून बाजार समित्यांनी तिच्यासाठी निधी आणि गोदामे यांत हात आखडता घेऊ नये, असे मला मनापासून वाटते.

दरम्यान भाव ठरण्याची जागाही सरकली. 2004 मध्ये एनसीडीईएक्स या शेतमालाच्या वायदे बाजारात हळदीचे राष्ट्रीय पातळीवरील वायदे सुरू झाले, त्यांचा आधार आजच्या तेलंगणातील निजामाबादची हळद ठरली, आणि सांगलीचा स्थानिक वायदा मागे पडला. 2010 मध्ये भाव क्विंटलला 15,000 रुपयांच्या पुढे गेले. ते पाहून देशभर लागण वाढली आणि 2012 च्या सुरुवातीस तेच भाव 5,000 रुपयांच्या खाली आले. नऊ महिन्यांच्या पिकात असे होणे अटळ असते: शेतकरी आजचा भाव पाहून लावतो आणि पुढच्या वर्षीच्या आवकेत विकतो. त्या तेजीचा दोष केवळ सट्टेबाजांवर टाकण्यात आला, परंतु आधीच्या वर्षांतील अपुरे उत्पादन आणि घटलेला साठा यांचा वाटाही त्यात होता.

आता सांगलीची स्पर्धा निजामाबाद आणि तमिळनाडूतील इरोड या जुन्या पेठांशी आहे, तशीच मराठवाड्यातील वसमत आणि हिंगोलीशीही आहे. महाराष्ट्रातील हळदीखालील क्षेत्राचा मोठा भाग मराठवाड्यात गेला आहे. पूर्वी तेथून सांगलीला येणारा माल आता तेथेच विकला जाऊ लागल्याने, शेतकऱ्याचे वाहतूक भाडे वाचते आणि सांगलीच्या अडत्यांना आवक टिकवण्यासाठी झटावे लागते. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही स्पर्धा हितावहच आहे. करांचा प्रश्न या ओढाताणीत वेळोवेळी डोके वर काढतो. शिजवून, वाळवून, पॉलिश केलेली हळद हा शेतमाल नाही, म्हणून अडतीवर जीएसटी लागतो, असा निर्णय कर लागू होतो की नाही हे आधीच सांगणाऱ्या राज्यातील अग्रिम निर्णय प्राधिकरणाने 2021 मध्ये दिला होता; अपिलात तो फिरला आणि हळदीला शेतमाल मानले गेले. शेजारच्या राज्यात माल नेल्यास खर्च किती कमी पडतो हे पाहूनच ट्रक वळतात, त्यामुळे असा एक निर्णय पेठेची आवक हलवू शकतो.

2022-23 मध्ये देशात सुमारे 3.24 लाख हेक्टरांवर 11.61 लाख टन हळद झाली आणि जागतिक व्यापारातील भारताचा वाटा 62 टक्क्यांहून अधिक होता, असे केंद्र सरकारने ऑक्टोबर 2023 मध्ये राष्ट्रीय हळद मंडळाची घोषणा करताना सांगितले. त्या मंडळाचा प्रारंभ जानेवारी 2025 मध्ये झाला आणि त्याचे मुख्यालय निजामाबादला ठेवण्यात आले. सांगलीच्या हळदीला 2018 मध्येच भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि कसबे डिग्रजचे संशोधन केंद्र येथील वाणांवर दीर्घकाळ काम करीत आहे. तथापि मानांकन पिकाच्या भूभागाला मिळते, तर सांगलीचे नाव झाले ते अनेक भूभागांचा माल एकत्र आणणाऱ्या पेठेमुळे. येथे विकली गेलेली सर्वच हळद त्या नावाखाली निर्यात होऊ शकत नाही. वेगळ्या ढिगांची नोंद ठेवणे, गोदामात त्यांची सरमिसळ टाळणे आणि खरेदीदाराला ते सिद्ध करून दाखवणे, ही कामे बाजार समिती, अडते आणि शेतकरी उत्पादक कंपन्या यांच्यापुढे आहेत; त्यासाठी लागणारा खर्च कोणी सोसायचा, यावरच मानांकनाचा जादा भाव कृष्णाकाठच्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचणार की वाटेतच राहणार, हे ठरेल.