अन्ननलिकेच्या तोंडाशी दडलेली पिशवी

ग्रसनी जिथे संपते आणि अन्ननलिका सुरू होते, तिथे क्रायकोफॅरिंजियस नावाचा एक आडवा स्नायू असतो. एरवी तो आवळलेला असतो आणि घास आला की क्षणभर सैल पडतो. या स्नायूच्या लगेच वर, मागच्या भिंतीच्या मध्यावर, स्नायूंचे आवरण विरळ असते. उतारवयात कधीकधी आतले अस्तर तिथून बाहेर फुगते आणि त्याची पिशवी होते. ब्रिस्टलचे शल्यचिकित्सक अब्राहम लडलो यांनी १७६४ मध्ये एका मृत रुग्णाच्या विच्छेदनात आढळलेल्या अशा पिशवीचे वर्णन केले. नाव मात्र लागले ते १८७७ मध्ये बऱ्याच रुग्णांची माहिती एकत्र मांडणाऱ्या झेंकर या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाचे.

त्याच स्नायूच्या खाली, बाजूच्या भिंतीत, आणखी एक कच्ची जागा असते. अन्ननलिकेचे उभे स्नायुतंतू वर चढत पुढे वळतात आणि क्रायकॉइड या अंगठीसारख्या कूर्चेला चिकटतात. त्यांची बाहेरची कड आणि आडव्या स्नायूची खालची कड यांच्यामध्ये एक लहानशी फट राहते. तिच्यातून बाहेर आलेली पिशवी म्हणजे किलियन-जेमिसन डायव्हर्टिक्युलम. झेंकर पिशवीच्या मानाने ती फारच क्वचित आढळते आणि बहुधा डाव्या बाजूला असते.

दोन पिशव्यांमध्ये अंतर थोडेच, पण शल्यचिकित्सकाला ते विसरून चालत नाही. विच्छेदनात थायरॉईडचा डावा भाग उचलून धरला की श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधल्या खाचेतून वर जाणारी, पांढऱ्या दोऱ्यासारखी एक चेता दिसते. आवाज काढणाऱ्या बहुतेक स्नायूंना आज्ञा पोहोचवणारी ही चेता नेमकी याच फटीच्या परिसरातून स्वरयंत्रात शिरते, त्यामुळे पिशवी तिला अगदी लगटून असते. पिशवीला स्वतःचे पुरेसे स्नायूंचे आवरण नसल्याने ती मऊ आणि पातळ असते, आणि आत काही नसेल तर घाईने ऊतक बाजूला सारणाऱ्याच्या नजरेतून सहज निसटते. शस्त्रक्रियेत मात्र हीच घाई रुग्णाच्या आवाजावर बेतू शकते. म्हणूनच अनेक शल्यचिकित्सक मानेवर छेद घेऊन, चेता डोळ्यांना दिसत असतानाच पिशवी काढणे पसंत करतात.

पुष्कळांना या पिशवीचा काहीच त्रास होत नाही. काहींना घास अडकल्यासारखे वाटते, काहींचे न पचलेले अन्न परत तोंडात येते. बेरियमचे द्रावण पाजून क्ष-किरण चित्र घेतले, की समोरून पाहताना अन्ननलिकेच्या बाजूला लोंबणारी गोल सावली उमटते.

खरी फसगत होते ती सोनोग्राफीत. थायरॉईडच्या मागे असलेल्या या पिशवीतली हवा आणि अन्नाचे कण पांढऱ्या ठिपक्यांसारखे चमकतात, आणि कर्करोगाच्या संशयाने पाहाव्या अशा कॅल्शियमयुक्त गाठीचा भास होतो. अशा वेळी सुई टोचण्याआधी रुग्णाला घोटभर पाणी प्यायला सांगणे केव्हाही बरे, कारण पिशवीतले ठिपके पाण्याबरोबर जागा बदलतात, गाठीतले कॅल्शियम तसे करत नाही.