मोठे गुणाकार तोंडी करायचे तर डावीकडून करा

समजा क्लॉथ मार्केटमधे 125 रुपये मीटरचं कापड आहे आणि आपल्याला 48 मीटर पाहिजे. मोबाईल काढायची गरजच नाही. सवाशे म्हणजे हजाराचा आठवा हिस्सा, म्हणून 48 हजाराला आठने भागा, सहा हजार झाले. आपल्या इंदूरच्या मराठी घरांमधली जुनी मंडळी पावकी, दिडकी, अडीचकी (म्हणजे पाव, दीड, अडीचचे पाढे) पाठ करायची ना, ती याच कामाची होती आणि ती सुटली याचं मला खरंच वाईट वाटतं.

शाळेची पद्धत कागदासाठी छान आहे, पण डोक्यात ती अडते कारण हातचे लक्षात ठेवा, मधल्या ओळी लक्षात ठेवा, आणि आपलं डोकं एका वेळी जेमतेम तीन-चार गोष्टी धरून ठेवतं. म्हणून मोठ्या आकड्यापासून सुरू करायचं. 738 गुणिले 6: 4200, त्यात 180 टाकले की 4380, मग 48, झाले 4428. प्रत्येक वेळी एकच बेरीज हातात असते आणि अंदाज तर पहिल्याच पायरीला येतो.

शंभराजवळच्या संख्यांची गंमत मला सगळ्यात आवडते. 97 गुणिले 96 घ्या. शंभराला 3 आणि 4 कमी आहेत, 97 मधून 4 काढा, 93, आणि 3 चोक 12, उत्तर 9312. पण हे नुसतं पाठ करू नका, का होतं ते बघा. 100 बाय 100 चा चौकोन काढा, एका बाजूने 3 ची पट्टी कापा म्हणजे 300 गेले, दुसऱ्या बाजूने 4 ची म्हणजे 400 गेले, पण कोपऱ्यातले 12 चौकोन दोनदा वजा झाले म्हणून ते एकदा परत द्यायचे. 10000 वजा 700 अधिक 12. एवढंच!

अशीच मांडामांड करून 1960 मधे मॉस्कोत 23 वर्षांच्या अनातोली कारात्सुबाने कमाल केली. मोठे गुणाकार शाळेच्या पद्धतीपेक्षा फारसे लवकर होणारच नाहीत असा कोल्मोगोरोव यांच्यासारख्या मोठ्या गणितज्ञाचा अंदाज होता, आणि या पोराने तो आठवड्याभरात खोटा ठरवला. 43 गुणिले 62 ला आपण चार छोटे गुणाकार करतो, तो तीनच करतो: 4 सक 24, 3 दुणे 6, आणि बेरजांचा, म्हणजे 4 अधिक 3 आणि 6 अधिक 2 यांचा, 7 आठे 56. त्या 56 मधून 24 आणि 6 काढले की मधले 26 मिळतात. 2400, 260 आणि 6, म्हणजे 2666. दोन अंकांना फरक फार वाटत नाही, पण हजारो अंक असले की वेळ भरपूर वाचतो, आणि पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेमधे खूप मोठ्या संख्या गुणल्या की आतून आजही हीच पद्धत चालते.