आधी घर, मग गडरलाइन : नागपूरच्या लेआउटांची पार्श्वभूमी

महापालिकेचा अर्थसंकल्प आला की नागपुरात दरवर्षी कामांची यादी निघते. अमुक लेआउटमधले सिमेंट रस्ते, तमुक वस्तीत गडरलाइन (सांडपाण्याची वाहिनी), एखाद्या बगिच्यात वॉकिंग ट्रॅक आणि ग्रीन जिम, शहराच्या कडेला घरकुलांची नवी योजना. नगरसेवक नारळ फोडतात, चौकात फलक लागतात. मात्र ज्या वस्तीत नाली येते, तिथली घरं बहुतेक वेळा वीस-तीस वर्षांपूर्वीच उभी राहिलेली असतात. नागपुरात माणूस आधी राहायला जातो, सोयी मागून येतात. हे असं का झालं, ते समजून घ्यायला बरंच मागे जावं लागतं.

देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने १७०२ मध्ये नाग नदीकाठच्या बारा लहान वस्त्या जोडून हे शहर वसवलं. त्याच्यानंतरच्या चांद सुलतान या राजाने तटबंदी बांधली आणि जुम्मा तलाव घडवला, तोच आजचा गांधीसागर. पुढे भोसल्यांच्या काळात महाल, इतवारी, बुधवारी, शुक्रवारी असा दाट भाग भरला. १८६१ मध्ये नागपूर मध्य प्रांताची राजधानी झालं, १८६४ मध्ये नगरपालिका आली, १८६७ मध्ये रेल्वे. १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाली आणि कामगारांची रीघ लागली. साहेब लोकांसाठी सीताबर्डीच्या टेकडीपलीकडे, पश्चिमेच्या उंच आणि मोकळ्या जागेवर सिव्हिल लाइन्स झाली. अंबाझरीचं पाणी १८७० च्या सुमारास शहराला मिळू लागलं. विणकर आणि गिरणी कामगार मात्र पाचपावली, तांडापेठ, मोमिनपुरा या भागांत दाटीवाटीने राहिले. पूर्व आणि पश्चिम नागपुरातला फरक तेव्हापासूनचा आहे, आणि पुढची सव्वाशे वर्षं तो कुठल्याच योजनेने पुरता भरून काढला नाही.

१९०१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १ लाख २८ हजारांच्या आसपास होती. त्याच सुमारास प्लेगच्या साथी आल्या आणि अरुंद गल्ल्या, उघड्या मोऱ्या, अंधाऱ्या खोल्या यांची चर्चा सुरू झाली. मुंबईत प्लेगनंतर १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट (शहरसुधारणेची संस्था) आला, कलकत्त्यात १९१२ मध्ये. नागपूरसाठी कायदा झाला १९३६ मध्ये, आणि १९३७ पासून नागपूर सुधार प्रन्यास कामाला लागला. नागपूरकर त्याला अजूनही ‘एनआयटी’ किंवा नुसतं ‘ट्रस्ट’ म्हणतात.

ट्रस्टची पद्धत साधी होती. जमीन संपादित करायची, तिच्यातून रस्ते काढायचे, प्लॉट पाडायचे, ते तीस वर्षांच्या लीजवर द्यायचे आणि त्या पैशातून पुढची योजना उभी करायची. अशा योजनांना नाव पडलं ‘स्ट्रीट स्कीम’. दाट वस्ती चिरून स्टेशनपासून पूर्वेकडे जाणारा सेंट्रल अॅव्हेन्यू याच पद्धतीचं फळ. सक्करदरा, मानेवाडा, बाबुलखेडा ही नावंही जुन्या फाइलींमध्ये अशीच भेटतात. पद्धतीत गुण होता : रस्ता आणि नाली आधी, घर नंतर. ट्रस्टने आखलेल्या जुन्या वस्त्यांमधले रुंद रस्ते आणि मोकळी मैदानं पाहिली की हे आजही कळतं. पण या वेगाने वाढत्या शहराला पुरेल इतके प्लॉट ट्रस्ट कधीच देऊ शकला नाही, आणि जे दिले ते लिलावात ज्याला परवडले त्यालाच मिळाले.

१९५१ मध्ये महानगरपालिका आली. त्यानंतर शहरात दोन दरवाजे झाले. कर महापालिकेला, लीजचं भाडं ट्रस्टला. बांधकामाचा नकाशा कुणाकडे मंजूर करायचा हे तुमचं घर कोणत्या योजनेत येतं त्यावर ठरायचं. १९५६ मध्ये राजधानीचा दर्जा गेला, तरी वाढ थांबली नाही. हिंगण्याच्या एमआयडीसीत कारखाने आले, आसपासच्या जिल्ह्यांतून आणि मध्य प्रदेशातून माणसं येत राहिली.

१९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्यानंतर शहरातली मोठी जमीन कायदेशीर मार्गाने बाजारात येणं अवघड झालं. मग वाट निघाली ती अशी : शेतकऱ्याशी सौदा करायचा, गृहनिर्माण सोसायटी काढायची, शेतावर चुन्याच्या रेषा मारायच्या, आणि हजार-दीड हजार फुटांचे प्लॉट बयाणा घेऊन हप्त्यांवर विकायचे. ना एनए (बिगरशेती परवानगी), ना टीपी (नगररचना विभागाची मंजुरी). घेणारे कोण होते? शिक्षक, रेल्वेतले चतुर्थ श्रेणी कर्मचारी, गिरणी कामगार, एसटीचे कंडक्टर, भाजीवाले. त्यांना कोणी फसवलं असंच प्रत्येक वेळी म्हणता येणार नाही. कागद कच्चा आहे हे अनेकांना माहीत होतं. पण पक्क्या कागदाचा प्लॉट त्यांच्या पगारात बसतच नव्हता, आणि मला वाटतं या साऱ्या इतिहासात ही गोष्ट सर्वांत कमी सांगितली जाते.

अशा लेआउटमधलं पहिलं घर कसं असायचं? दोन खोल्या, वर टिनाचं छप्पर, अंगणात बोअरवेल, मागे सेप्टिक टँक. समोर रस्ता म्हणजे काळी माती. पाऊस पडला की सायकल खांद्यावर घेऊन चौकापर्यंत जायचं. मग दहा-बारा घरं मिळून वर्गणी काढायची आणि मुरमाचे ट्रक आणायचे. शेजारचे रिकामे प्लॉट सखल राहायचे, त्यात पाणी साचायचं, डास व्हायचे, झुडपं वाढायची. प्लॉटमालक दुसऱ्या गावाला, त्याला कळवणार कोण? ही डबकी आजही अनेक वस्त्यांत आहेत. नकाशात बगिचा किंवा मैदान म्हणून दाखवलेली जागा काही ठिकाणी सोसायटीनेच नंतर विकून टाकली. जिथे ती वाचली, तिथे बहुतेक वेळा वस्तीतल्या लोकांनी स्वतः तारेचं कुंपण घालून वाचवली.

२००१ मध्ये राज्याने गुंठेवारी कायदा केला. त्या वर्षाच्या १ जानेवारीआधीचे असे भूखंड विकास शुल्क भरून नियमित करता येतील, असं त्यात ठरलं. नागपुरात ‘५७२ लेआउट’ आणि ‘१९०० लेआउट’ (नियमित करायच्या लेआउटांच्या संख्येवरून पडलेली नावं) हे शब्द घरोघरी माहीत आहेत. खरेदीखत, सोसायटीचा नकाशा, विकास शुल्काची डिमांड भरल्याची पावती आणि शेवटी ‘आरएल’, म्हणजे भूखंड नियमित झाल्याचं पत्र : या कागदांची पिशवी अनेक घरांत दागिन्यांच्या शेजारी ठेवलेली असते. आरएल असल्याशिवाय बँक कर्ज देत नाही, नकाशा मंजूर होत नाही. २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढली. शुल्क भरलं की सोयी येतील असा लोकांचा समज होता, आणि तो रास्तच होता. प्रत्यक्षात पैसे भरून दहा-दहा वर्षं गडरलाइनची वाट पाहिलेल्या वस्त्या आहेत. म्हणून दरवर्षीच्या यादीतली कितीतरी कामं ही नवी भेट नाही. ती जुनी देणी आहेत.

यात शहराचा उतारही मिसळलेला आहे. नाग नदी पश्चिमेला लाव्ह्याच्या टेकड्यांत उगम पावते आणि पूर्वेकडे वाहते. पिवळी नदी गोरेवाड्याकडून येते आणि तीही पूर्वेलाच वळते. म्हणजे साऱ्या शहराचं सांडपाणी पूर्वेला, आणि कचराही भांडेवाडीला. पश्चिमेचा माणूस मात्र सुरक्षित असा जो समज होता, तो २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे गेला. अंबाझरी तलाव ओसंडला आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीत पाणी शिरलं. नाल्यावरचं आणि नदीकाठचं बांधकाम कुठवर चालू द्यायचं, हा प्रश्न तेव्हा उंचावरच्या वस्त्यांनीही विचारायला सुरुवात केली.

वर्षभरातल्या उत्सवांची गोष्ट याहून वेगळी नाही, कारण उत्सवालाही जागा लागते. काळी मारबत (अनिष्टाचं प्रतीक म्हणून मिरवणुकीने नेला जाणारा पुतळा) १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असं मानलं जातं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जुन्या वस्तीच्या गल्ल्यांतून ‘ईडा, पीडा घेऊन जा गे मारबत’ असा गजर उठतो. सोबत बडगे, म्हणजे टीकेचे पुतळे, असतात : महागाईचा, भ्रष्टाचाराचा, आणि दरवर्षी हमखास खड्ड्यांचा. ज्या भागाला नाली उशिरा मिळाली त्या भागाने आपली तक्रार मांडायची रीत स्वतःच घडवली, आणि ती सव्वाशे वर्षांहून जास्त टिकली, याचं मला फार मोल वाटतं. रेशीमबाग, कस्तुरचंद पार्क, चिटणीस पार्क ही मैदानं राहिली म्हणून मेळावे, सभा, नाटकं, महोत्सव होतात. रेशीमबागेतलं कविवर्य सुरेश भट सभागृह २०१७ मध्ये खुलं झालं.

दीक्षाभूमीचा अनुभव मात्र वेगळं सांगून गेला. तिथे विकासाच्या आराखड्यात भूमिगत पार्किंग होतं. १ जुलै २०२४ रोजी अनुयायी मोठ्या संख्येने जमले, बांधकामाची तोडफोड झाली आणि काम थांबवावं लागलं. १९५६ पासून लाखो लोक ज्या जमिनीवर दरवर्षी येऊन बसतात, तिथे काय सुधारायचं हे त्यांना न विचारता ठरवता येत नाही.

दोन दरवाज्यांचा घोळ अजून पुरता सुटलेला नाही. २००२ मध्ये ट्रस्टच्या काही योजना वगळता बाकी शहराचं नियोजन महापालिकेकडे आलं. २०१९ मध्ये ट्रस्ट बरखास्त करण्याचा निर्णय झाला, २०२१ मध्ये नव्या सरकारने तो फिरवला. दरम्यान २०१७ मध्ये शहराबाहेरच्या सातशेहून अधिक गावांसाठी महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आलं. पारडी, पुनापूर, भरतवाडा, भांडेवाडी या पूर्वेच्या पट्ट्यात स्मार्ट सिटीखाली नगररचना योजना राबवायला घेतली गेली. दाट वस्तीत रस्त्यांसाठी जागा काढताना अनेकांची घरं त्या आखणीत आली, आणि विरोधही झाला. वाठोडा, तरोडीत प्रधानमंत्री आवास योजनेचे गाळे उभे राहिले. २०११ मध्ये लोकसंख्या २४ लाखांवर गेली होती आणि त्यानंतर जनगणना झालेली नाही. त्यामुळे घरांची खरी गरज किती, याचा आकडा आज कोणाच्याच हाती नाही.

आता सिमेंट रस्त्यांचं काम जोरात आहे. कितीतरी जुन्या लेआउटमध्ये नवा रस्ता घराच्या जोत्यापेक्षा वीतभर उंच झाला आहे, आणि मुरमावरून चालत ज्यांनी तीस वर्षं काढली त्यांच्या अंगणात पावसाचं पाणी उलटं येतं. जुना रस्ता खरवडून मगच नवा टाका, अशी मागणी वस्त्यावस्त्यांतून होते आहे. शहराच्या दक्षिणेला बेसा, बेलतरोडीकडे फ्लॅट विकले गेले, लोक राहायला गेले, आणि उन्हाळ्यात सोसायटीच्या गेटपाशी टँकर उभा राहतो. कामांच्या पुढच्या यादीत त्या भागातल्या जलवाहिनीचं नाव येईल का, याकडे तिथले रहिवासी डोळे लावून आहेत.