डिस्क क्लोन आणि जनरलाइझ केलेली इमेज: एकच विंडोज वेगवेगळ्या संगणकांवर नेताना

प्रयोगशाळेत किंवा कार्यालयात निरनिराळ्या वर्षी खरेदी केलेले, निरनिराळ्या मॉडेलांचे संगणक असले की विंडोज आणि लागणारे सर्व प्रोग्रॅम एकाच संगणकावर नीट बसवून तेच सगळीकडे उतरवावेत, असा विचार साहजिकच येतो. मात्र त्यासाठी बहुतेक ठिकाणी डिस्कचा क्लोन काढला जातो आणि त्यालाच इमेज समजले जाते. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

क्लोन म्हणजे डिस्कवर जे आहे त्याची जशीच्या तशी नक्कल. तिच्यात पार्टिशनांची रचना, संगणकाचे नाव, त्याची एसआयडी ही सुरक्षा-ओळख, अपडेट सर्व्हरकडे नोंदलेला क्रमांक आणि त्या विशिष्ट हार्डवेअरची ओळखनोंद हे सर्व येते. जुनी हार्ड डिस्क काढून त्याच संगणकात एसएसडी बसवायची असेल, तर क्लोनसारखा सोपा मार्ग नाही, कारण तिथे जुनी ओळख टिकवणे हाच हेतू असतो.

जनरलाइझ केलेल्या इमेजमध्ये हीच ओळख मुद्दाम काढून टाकलेली असते. विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरमध्येच सिसप्रेप हे साधन असते. त्यातील ‘जनरलाइझ’ आणि संगणक बंद करण्याचा ‘शटडाउन’ हे पर्याय निवडले की एसआयडी, इव्हेंट लॉग, रिस्टोअर पॉइंट आणि जोडलेल्या हार्डवेअरच्या नोंदी काढल्या जातात आणि संगणक बंद होतो. त्यानंतर तो त्या डिस्कवरून पुन्हा सुरू न करता, विंडोज पीई (पेन ड्राइव्हवरूनच चालणारी छोटी, तात्पुरती विंडोज) असलेल्या पेन ड्राइव्हवरून सुरू करून डिस्म या साधनाने इमेज घ्यावी लागते. नव्या संगणकावर उतरवलेली ही इमेज पहिल्यांदा सुरू होताना तिथले हार्डवेअर नव्याने ओळखते आणि स्वतःसाठी नवी एसआयडी तयार करते. म्हणून खरा फरक नक्कल कोणत्या सॉफ्टवेअरने केली यात नसून, नक्कल करण्यापूर्वी विंडोज कोणत्या अवस्थेत बंद झाले यात आहे. सिसप्रेप केलेली डिस्क क्लोनझिला या क्लोन काढणाऱ्या प्रोग्रॅमने उचलली तरी ती जनरलाइझ केलेली इमेजच असते. उलट सिसप्रेप न करता डिस्मने घेतलेली इमेज आपली जुनी ओळख सोबत घेऊनच जाते.

विंडोज एक्सपीच्या काळात इमेज एचएएल या हार्डवेअरलगतच्या थराशी बांधलेली असे आणि त्यामुळे अनेकदा वेगवेगळ्या इमेज सांभाळाव्या लागत. व्हिस्टापासून हे बंधन सुटले. आज विंडोज १० किंवा ११ चा क्लोन दुसऱ्या मॉडेलवरही पुष्कळदा सुरू होतो, आणि त्यावरून सिसप्रेपची गरज नाही असा निष्कर्ष काढला जातो. मायक्रोसॉफ्टमधील तज्ज्ञ मार्क रसिनोविच यांनी २००९ मध्ये समान एसआयडीमुळे प्रत्यक्षात फारसे बिघडत नाही असे मांडल्यावर हा समज अधिकच पक्का झाला, जरी सिसप्रेपशिवाय केलेल्या प्रतींना मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा तेव्हाही नव्हता. २०२५ मधील अपडेटनंतर मात्र विंडोज ११ च्या २४एच२ आणि २५एच२ आवृत्त्या तसेच विंडोज सर्व्हर २०२५ समान एसआयडी असलेल्या संगणकांमधील प्रमाणीकरण नाकारू लागले, आणि त्यातून शेअर केलेले फोल्डर व रिमोट डेस्कटॉप बंद पडण्याचे प्रकार घडले. त्यामुळे आता क्लोनवर भागवणे मला समर्थनीय वाटत नाही.

तरीही सिसप्रेपकडून जे होत नाही त्याची अपेक्षा ठेवू नये: ते जुन्या हार्डवेअरची नोंद पुसते, नव्या हार्डवेअरचे ड्रायव्हर आणून देत नाही. नेटवर्क किंवा ध्वनीचा ड्रायव्हर नंतर बसवता येतो, पण डिस्कच्या कंट्रोलरचा ड्रायव्हर नसेल तर ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असे सांगून विंडोज तिथेच थांबते. इंटेलचे व्हीएमडी हे डिस्क हाताळणारे तंत्र चालू असलेल्या अनेक लॅपटॉपवर तर पीईलाही डिस्क दिसत नाही, म्हणून तो ड्रायव्हर पीईमध्ये आणि इमेजमध्ये अशा दोन्ही ठिकाणी घालावा लागतो. मूळ इमेज व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकात), कोणत्याही कंपनीच्या ड्रायव्हरविना तयार करावी, प्रत्येक मॉडेलच्या आयएनएफ (इन्स्टॉलरविना, सुट्या फाइलींच्या रूपातील) ड्रायव्हरांचे फोल्डर वेगळे ठेवावे आणि इमेज उतरवल्यावर, पहिल्यांदा सुरू होण्याआधी, डिस्मने योग्य तो फोल्डर जोडावा, ही पद्धत मला सर्वांत भरवशाची वाटते. डिस्मने घेतलेली विम प्रकारची इमेज फाइलींची असल्याने युईएफआय (बायोसची जागा घेणारी नवी व्यवस्था) आणि जुन्या बायोसच्या संगणकांवर पार्टिशन निराळे करून तीच विंडोज १० ची इमेज उतरवता येते. एक्स६४ (इंटेल व एएमडीच्या प्रोसेसरांची) इमेज एआरएम या वेगळ्या प्रकारच्या प्रोसेसरच्या संगणकावर मात्र चालणार नाही.

सिसप्रेप अडण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे एकाच वापरकर्त्यापुरते बसलेले किंवा अद्ययावत झालेले स्टोअर ॲप. कोणते ॲप आड आले हे सिसप्रेपच्या पँथर फोल्डरमधील सेटअपॲक्ट या लॉगमध्ये लिहिलेले असते. हे टाळण्यासाठी विंडोज बसवल्यावर पहिल्या स्वागत-पडद्यावरच कंट्रोल, शिफ्ट आणि एफ३ दाबून ऑडिट मोडमध्ये (वापरकर्ता खाते न बनवता विंडोज तयार करण्याच्या अवस्थेत) जावे आणि प्रोग्रॅम बसवताना इंटरनेट शक्यतो तोडून ठेवावे. सिसप्रेप चालवण्याच्या आधी व्हर्च्युअल मशीनचा स्नॅपशॉट (त्या क्षणीच्या स्थितीची जतन केलेली प्रत) घेतलेला असावा; पुढच्या वेळी अपडेट घालायचे झाल्यास आधीच जनरलाइझ केलेल्या प्रतीवर पुन्हा काम न करता त्या स्नॅपशॉटपासूनच सुरुवात करता येते.