काच तीच, आटे वेगळे

जुन्या लेन्सच्या बाजारात नवखा माणूस काच बघतो आणि मुरलेला माणूस लेन्स उलटी करून मागचं कडं बघतो. सोव्हिएत हेलिओस-44 घ्या. 58 मिलिमीटर, एफ/2. एम42, म्हणजे 42 मिलिमीटर व्यासाच्या आट्यांची हवी तर हवी तेवढी मिळेल. तीच सोव्हिएत 'स्टार्ट' कॅमेऱ्याच्या माउंटची, म्हणजे त्या कॅमेऱ्याला जोडायच्या कड्याची मागितली तर विकणारा आधी तुमच्याकडे नीट बघतो, मग आकडा सांगतो.

या लेन्सचं मूळ जर्मनीतल्या येना गावचं. तिथल्या झाइस या भिंगं बनवणाऱ्या कंपनीच्या विली मेर्टे यांचं बिओतार 58 मिलिमीटर, एफ/2 हे भिंग 1936 च्या सुमारास द्रेस्देनच्या किने एक्झाक्टा कॅमेऱ्यासाठी बाजारात आलं. एप्रिल 1945 मध्ये येनात पोचले ते अमेरिकी सैनिक. जुलैमध्ये गाव सोव्हिएत ताब्यात जाण्याआधी त्यांनी झाइसची निवडक माणसं पश्चिमेला नेली. ओबरकोखेनचा कारखाना त्यातूनच उभा राहिला. मागे उरलं त्यातली बरीचशी यंत्रं युद्धभरपाई म्हणून सोव्हिएत संघात गेली, 1946 च्या ऑक्टोबरात तज्ज्ञही नेले. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात बिओतारची रचना तिथल्या काचेप्रमाणे पुन्हा बसवली गेली. सुरुवातीचं नाव बीटीके, म्हणजे 'बिओतार क्रास्नोगोर्स्क'. हेलिओस हे बारसं नंतरचं.

खरा घोळ आट्यांचा आहे. क्रास्नोगोर्स्कला लायकाच्या सोव्हिएत नकलेवरून झोर्की कॅमेरा बनत होता. 1952 मध्ये त्याच्याच सांगाड्यात, लेन्समधूनच दृश्य दाखवणारा आरसा बसवून झेनिट तयार केला. आटे बदलण्याची तसदी कोणी घेतली नाही, 39 मिलिमीटरचेच ठेवले. पण आरशाला जागा हवी, म्हणून लेन्स फिल्मपासून लांब गेली: लायकात हे अंतर 28.8 मिलिमीटर, झेनिटमध्ये 45.2. म्हणजे झेनिटची लेन्स लायकावर छान फिरून बसते आणि काहीच दाखवत नाही.

हे मी पैसे मोजून शिकलो. 'लायका माउंट' म्हणून चंदेरी हेलिओस घेतली, घरी येऊन माझ्या कॅमेऱ्याच्या लायका-अडॅप्टरवर, म्हणजे लायकाच्या लेन्स बसवायच्या जोडकड्यावर चढवली. टेबलावरचा कप धूसर, समोरच्या इमारतीवरची टाकीही धूसर. रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून झाली. विकणाऱ्याने फसवलं असं म्हणवत नाही, आटे खरंच तेच होते. कमी होते ते 16.4 मिलिमीटर.

एम42 ची गोष्ट सरळ आहे. 1949 च्या काँटॅक्स एसपासून ते पूर्व जर्मनीत रुळलं, पुढे जपानच्या असाही पेंटॅक्सनेही घेतलं, आणि साठीच्या उत्तरार्धात झेनिटही त्यावर आला. एकट्या झेनिट-ईचे तीस लाखांहून अधिक नग निघाले, त्यातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांवर हेलिओस. एम42 ची हेलिओस स्वस्त का, याचं उत्तर एवढंच. उलट स्टार्ट 1958 ते 1964 एवढाच चालला, सुमारे 76 हजार नग, आणि त्याच्याबरोबर ते माउंटही संपलं. अनेक वर्षं त्या लेन्स कोणी फुकट दिल्या असत्या तरी लावायच्या कशाला हा प्रश्न होता.

तो प्रश्न 2008 नंतर उरला नाही. पॅनासॉनिक जी1 पासून कॅमेऱ्यातला आरसाच गेला आणि सेन्सर माउंटच्या जवळ आला. सोनीच्या ई-माउंटमध्ये तर हे अंतर 18 मिलिमीटर. उरलेली जागा पोकळ नळीने भरली की जवळपास कुठलीही जुनी लेन्स बसते. त्याआधी कॅननवाल्यांचं एका पातळ कड्यावर भागायचं, कारण त्यांचं अंतर 44, झेनिटच्या 45.2 पेक्षा कमी. निकॉनचं 46.5, म्हणजे जास्त, त्यामुळे निकॉनवाल्यांना मध्ये जादा भिंग घालावं लागे, आणि ते भिंग जुन्या काचेची सगळी गंमत घालवायचं.

माझी चंदेरी हेलिओस आता 39 वरून 42 करणारं कडं आणि वर एम42 चा अडॅप्टर अशा जोडकामावर चालते. नंबर 62 ने सुरू होतो, म्हणजे 1962 ची. सोव्हिएत लेन्सचं साल बहुधा पहिल्या दोन आकड्यांत असतं. डायफ्रामच्या, म्हणजे प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या छिद्राच्या पाती तेरा आहेत. मी दोनदा मोजल्या.