दगडात मुरणारा आवाज

वीज जवळ पडली की कडकडाट होतो, लांब पडली की गडगडाट. लांबून येताना आवाजातले उंच, धारदार स्वर हवेतच विरतात आणि आपल्यापर्यंत पोचते ती नुसती घरघर. जमिनीखाली वाळूच्या खडकात, चुनखडीत, शेल नावाच्या चिखलापासून बनलेल्या खडकातही असंच होतं, फक्त फार झपाट्यानं.

मुंबई हायसारखे समुद्राखालचे तेलसाठे शोधायचे तर जहाजामागे ओढलेल्या, दाबलेली हवा झटक्यात सोडणाऱ्या एअरगनचा दणका पाण्यात सोडतात आणि खालच्या थरांवर आपटून परतणारा प्रतिध्वनी टिपतात. तो क्षीण होतो, कारण लहर चहूकडे पसरते. पण तो झाला नुसता पसारा. खरी गळती म्हणजे ऊर्जेची उष्णता होणं, आणि ती मोजायला ‘क्यू’ हा गुणांक वापरतात. क्यू जितका कमी, तितकी गळती जास्त.

समजा क्यू ५० आहे. म्हणजे प्रत्येक हेलकाव्याला सुमारे १२ टक्के ऊर्जा गेली. लहरीचा वेग सेकंदाला २,५०० मीटर धरला, तर २ किलोमीटर खोल जाऊन परतायला १.६ सेकंद लागतात. तेवढ्यात १० हर्ट्झची लहर १६ हेलकावे घेते आणि ५० हर्ट्झची ८०. जकात मात्र दर हेलकाव्याला तीच! पहिलीची उंची एक तृतीयांशाहून थोडी जास्त उरते, दुसरीची जेमतेम दीडशेवा हिस्सा. उरलेल्या १० हर्ट्झच्या लहरीची लांबी २५० मीटर. तिला दहा-बारा मीटरचा तेलाचा थर वेगळा कसा दिसणार?

ही जकात घेतं कोण? मला यातली सगळ्यात सुंदर साक्ष चंद्राची वाटते. नोव्हेंबर १९६९मध्ये अपोलो १२चं रिकामं यान मुद्दाम चंद्रावर आदळवलं, तेव्हा तिथली जमीन जवळजवळ तासभर थरथरत राहिली. तिथला वरचा खडक भेगाळलेला आहे, त्यामुळे लहरी इकडेतिकडे विखुरत राहिल्या. पण तो ठणठणीत कोरडाही आहे, म्हणून त्या विझल्या नाहीत. पुढे प्रयोगशाळेत पृथ्वीवरचे दगड निर्वातात तापवून त्यांच्यातली ओल काढली, तेव्हा त्यांचाही क्यू कित्येक पटींनी वाढला. कणांवरचा ओलाव्याचा पातळसा थरसुद्धा आवाज गिळायला पुरतो.

पाण्यानं भरलेल्या खडकात तर आणखी एक गोष्ट घडते. लहर आली की कणांमधल्या चपट्या फटी दाबल्या जातात आणि त्यांतलं पाणी शेजारच्या गोल छिद्रांत पिचकारीसारखं घुसतं. लहर ओसरली की ते परततं. या ये-जा करण्यात पाण्याच्या चिकटपणापायी ऊर्जा झिजते.

मात्र सगळ्यात जास्त गळती पूर्ण भरलेल्या खडकात नसते. पाण्यात कुठे कुठे वायूचे कप्पे असले की ती बळावते, कारण वायू सहज दबतो आणि पाण्याला पळायला वाट मिळते. म्हणून एखाद्या पट्ट्याखालून येणाऱ्या प्रतिध्वनीतले उंच स्वर अचानक हरवले, तर भूभौतिकतज्ज्ञ तिथे वायू असल्याची शंका घेतात. बारीक थरांवर लहर विखुरली तरी असाच परिणाम दिसतो, त्यामुळे खात्री होते ती विहीर खणल्यावरच.